एका हाताला एक वाटी

हात आधी दिसला, माणूस मागाहून. अर्पितच्या भांड्यांच्या दुकानात हे नेहमीचंच होतं. जालन्याच्या जुन्या बाजारातलं हे दुकान. गल्ल्याच्या वर छताच्या सळ्यांना बादल्या, डबे, चाळण्या, झारे इतके लटकवलेले की बसल्या जागेवरून गिऱ्हाइकाचं तोंड म्हणून दिसायचं नाही. दिसायचे ते काउंटरवर टेकलेले हात. बांगड्या भरलेले, कापूस वेचून चिरा पडलेले, मेंदी उतरत आलेले. "लोकांना बिचाऱ्यांना वाकून बोलावं लागतं," असं त्याची बायको रुचि दर दिवाळीला म्हणायची, आणि दर दिवाळीला आणखी दोन डबे लटकायचे. गेल्या वर्षभरात तर अर्पितला ही सोय फारच पसंत पडली होती. तोंडं बघायची त्याला हौस उरली नव्हती. हात मात्र तो बघायचा, एकही न चुकवता, आणि का बघतो ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. तर आज भर दुपारी, उन्हाने बाजार निपचित पडलेला असताना, दोन हातांनी बाहेरच्या थप्पीतलं एक मोठं भगुनं उचलून काउंटरवर ठेवलं, आणि त्यातल्या एका हाताच्या मनगटाशी, अंगठ्याच्या बुडाला, हिरवट गोंदलेला विंचू होता. नांगी अर्धीच. शेपूट वर वळता वळता मध्येच थांबलेली. अर्पितने हातातलं कॅल्क्युलेटर खाली ठेवलं.

"नाव टाकायचंय याच्यावर," बादल्यांच्या पलीकडून आवाज आला.

अर्पितला हसू आलं. आवरेना. वर्षभरात असं पोटातून हसू त्याला आलं नव्हतं, आणि आलं ते अशा वेळी, की मागच्या गादीवर माळ ओढत पडलेल्या बाबूजींनी, म्हणजे रतनलालशेठनी, डोळे उघडून पाहिलं. "या ना दादा, आत या. उन्हात कामून उभे?" असं म्हणत अर्पित उठला, काउंटरची फळी त्याने स्वतः वर केली, स्टूल पुसून पुढे ओढलं आणि समोरच्या टपरीकडे दोन बोटं दाखवून चहा सांगितला. बादल्यांखालून वाकून एक तिशीचा माणूस आत आला. रापलेला, गळ्यात पंचा, चेहऱ्यावर उन्हातून आल्याचा शीण. स्टुलावर तो टेकला तेही अर्ध्या अंगानेच. एका भगुन्यासाठी एवढी सरबराई त्याला जरा जास्तच वाटली असावी. "म्या भुजंग. कुंभार पिंपळगावचा," तो म्हणाला. अर्पित त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हता. गुडघ्यावर पालथा पडलेला तो हात मधूनच बोटं हलवत होता, मधूनच पंचाने घाम टिपत होता, आणि त्या प्रत्येक हालचालीचं अर्पितला एवढं कौतुक वाटत होतं की धावत घरी जाऊन रुचिला सांगावं, तो हात चालतो आहे म्हणून.

अर्पितला एवढा आनंद कशाचा झाला हे सांगायचं तर वाट्यांपासून सुरुवात करावी लागते. त्याचा थोरला भाऊ अमन फुटबॉलचा वेडा. घराण्यात दुकान सोडून दुसरं मैदान कोणी पाहिलेलं नाही, आणि हा दुपारच्या उन्हात चेंडूमागे पळायचा. डेंग्यूने गेला तेव्हा पस्तिशीचाही नव्हता. बाबूजींनी मग गावाबाहेरच्या स्टेडियमवर त्याच्या नावाने फुटबॉलच्या स्पर्धा ठेवल्या. आई, भगवतीदेवी, म्हणाल्या की खेळ झाला तो पोरांचा, अमनच्या नावाने प्रभावना झाली पाहिजे. प्रभावना म्हणजे त्यांच्या जैन स्थानकातली, प्रार्थनेच्या जागेतली रीत. महाराजसाहेबांचं व्याख्यान संपलं की दाराशी यजमान उभा राहतो आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवतो. लाडू, नारळ, रुमाल, वाटी. त्यासाठी एकच दार उघडं ठेवायचं, बाकीच्यांना कड्या घालायच्या, हे त्यांच्यातल्या पोराला बोलता यायच्या आधी कळतं. दोन दारं उघडी राहिली तर चलाख माणूस एकातून घेऊन निघतो, दुसऱ्यातून आत येतो आणि पुन्हा रांगेला लागतो, मग शेवटच्या म्हाताऱ्या बाईला काही उरत नाही. यात कोणाला कंजूषपणा वाटत नाही. "एका हाताला एक," आई म्हणायच्या, "बराबर वाटप झालं पाहिजे." स्थानकातून पन्नास-शंभर माणसं हळू आवाजात बोलत, चपला शोधत बाहेर पडतात. स्टेडियममध्ये काही हजार येणार होती. हा फरक घरात कोणाच्याच डोक्यात आला नाही, आणि घरात डोकी कमी नव्हती.

वाट्यांवर नावं अर्पितने स्वतः टाकली. दुकानात नाव टाकायची पेनासारखी मशीन होती, बटण दाबलं की घर्रर्र करत थरथरणारी. लहानपणी ती चालवायला मिळावी म्हणून दोघे भाऊ भांडायचे. अमनचं अक्षर बेकार, म्हणून मशीन कायमची अर्पितकडे आली. त्याच मशीनने तो पंधरवडाभर 'स्व. अमन यांच्या स्मरणार्थ' लिहीत राहिला. पहिल्या काही वाट्यांना त्याला रडू आलं. पुढे पुढे नुसती बोटांना मुंग्या यायच्या. मग एक दिवस असा आला की तो लिहिता लिहिता मॅचच्या जेवणाचं ठरवत होता आणि अक्षरं आपली आपण उमटत होती, आणि त्याचीही त्याला थोडी शरम वाटली. दुःखाची सवय होते ती अशी, हाताला आधी.

अंतिम सामन्याच्या दिवशी पूर्वेच्या फाटकाला कुलूप होतं. किल्ली बाबूजींच्या कुडत्याच्या खिशात होती. पश्चिमेच्या फाटकाचं एक दार उघडं, त्यात निम्म्या रुंदीला टेबल आडवं लावलेलं, टेबलामागे वाट्यांची पोती आणि अर्पित. सामना बरोबरीत सुटला, मग पेनल्टी, आणि शेवटची पेनल्टी चुकल्याचा तो प्रचंड हुंकार अजून हवेत असतानाच वावटळ आली. चैत्रातली आंधळी धूळ. तात्पुरत्या मांडवाचे पत्रे धडाधडा वाजायला लागले, कोणीतरी ओरडलं की मांडव पडला, आणि दिवे गेले. लोक उठून पूर्वेकडे गेले, तिथे कुलूप बघून पश्चिमेकडे वळले. हे सगळं अर्पितला नंतर इतरांच्या तोंडून समजलं. त्याला त्या वेळी टेबलावरच्या बॅटरीच्या उजेडात दिसत होते ते फक्त हात. डोळ्यांत धूळ, मान खाली, पोत्यातून वाटी काढायची, हातावर ठेवायची. एका हाताला एक. आधी हात एकेक करून आले, मग दोन-दोन, मग एकावर एक. त्याला वाटलं पावसाच्या भीतीने घाई चालली आहे. "हळू, हळू, सगळ्यांना है," तो म्हणत होता. आणि तेव्हा तो हात आला. बाकीच्यांच्या बराच खालून, टेबलाच्या उंचीवरून, कोणाच्या तरी कमरेच्या आणि कोणाच्या तरी खांद्याच्या मधल्या फटीतून, तळवा वर केलेला उजवा हात. मनगटाशी अर्ध्या नांगीचा विंचू. अर्पितने त्यावर वाटी ठेवली. ती घरंगळून खाली पडली. त्याने दुसरी ठेवली. बोटं मिटेनात. "धरा ना, मागं लोक हैत!" तो ओरडला, वैतागून, गिऱ्हाइकावर कधी ओरडला नव्हता तसा. मग स्वतःच्या हाताने त्याने ती बोटं वाटीभोवती वळवली. तळहात गरम होता, घामाने चिकट. अर्पितने हात काढून घेतल्याबरोबर बोटं पुन्हा उघडली आणि दुसरी वाटीही पडली. मग त्याने तो नाद सोडला आणि पुढच्या हाताला वाटी दिली, आणि त्याच्या पुढच्याला. त्यानंतर टेबल त्याच्या अंगावर आलं.

अकरा माणसं गेली. अर्पितचं खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. बाहेर सिमेंटवर पडल्या पडल्या त्याला ऐकू येत राहिला तो वाट्यांचा आवाज. उतारावरून घरंगळत जाणाऱ्या, गोल फिरत फिरत आडव्या होणाऱ्या. तो आवाज कोणत्याही भांड्याच्या दुकानात दिवसाकाठी दहादा होतो. आता तो झाला की अर्पित श्वास रोखून ती वाटी पूर्ण थांबेपर्यंत थांबायचा. घरात तर आईंनी वाटी हा प्रकारच बंद केला. एके दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या, कोणाला न विचारता, आणि कोणी विचारलंही नाही. जालन्यात निम्म्या घरांतल्या वाट्या ज्यांच्या दुकानातून गेल्या, त्यांच्या घरी आता वरण पेल्यातून घेतलं जायचं. बाबूजी जामिनावर सुटून आले ते गादीवर आडवे झाले आणि बोलणं जवळपास थांबलं. खटला उभा राहिला; बाबूजी एक नंबरला, अर्पित दोन नंबरला. वकील म्हणाले, लोक एक वाटी घेऊन दुसरीसाठी माघारी फिरले, त्यामुळे चेंगराचेंगरी झाली, आपली बाजू ती आहे. तसं त्यांनी पेपरातही छापून आणलं. आणि गेलेल्यांच्या घरच्यांशी एक शब्द बोलायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. अर्पितने मान हलवली होती. तो त्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू देईनासा झाला होता. काउंटरवर ठेवायचा, ज्याचं त्याने उचलावं. आणि 'धरा' हा शब्द, जो भांडीवाला दिवसातून शंभरदा बोलतो, तो त्याच्या तोंडून गेला होता.

त्याला फक्त एवढं कळायला हवं होतं की तो हात जिवंत आहे का. पेपरात अकरा जणांचे फोटो आले होते, पण फोटोत हात नसतात. पोलिसांना विचारायची सोय नव्हती. एकदा दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं की बेशुद्ध माणसाच्या हातात काही दिलं तर बोटं मिटतात का. डॉक्टर म्हणाले, नाही मिटत. केवढा धीर आला होता त्याला! म्हणजे तो नुसता बेशुद्ध असू शकतो. म्हणजे आपण ओरडलो ते जिवंत माणसावर, जो कधीतरी शुद्धीवर येऊन 'जाऊ द्या हो' म्हणू शकेल. या एका शक्यतेवर तो वर्षभर तगला होता. बसमध्ये दांडीला धरलेले हात, पेट्रोल पंपावरचे, लग्नाच्या पंगतीत वाढणारे, स्थानकात जोडलेले, सगळ्यांची मनगटं त्याने तपासली होती. रुचि एकदा चिडून म्हणाली, "माझं तोंड बघून किती दिवस झाले तुम्हाला?" त्या क्षणीही तो तिची बोटंच बघत होता. आणि आज तो हात आपल्या पायांनी चालत दुकानात आला होता.

चहा आला. भुजंगने कप उचलला. बोटं कपाभोवती छान मिटली.

"दादा, हा विंचू कुठं गोंदला?" अर्पितने विचारलं. विचारताना त्याचा आवाज एखाद्या पोरासारखा झाला.

भुजंगने मनगट वळवून पाहिलं आणि पहिल्यांदाच थोडा सैलावला. "हा व्हय? राजूरच्या जत्रंत. दोघं भाऊ गेल्तो गणपतीला. माझा काढता काढता गोंदणाऱ्याची मशीन बिघडली, नांगी अर्धीच राह्यली. मंग दुसरी मशीन आणली कुठून तरी, तं माझा भाऊ म्हणला, माझी बी अर्धीच ठेव, म्हणजे कोणाचा बिघडला ते कोणाला कळणार न्हाई." तो हसला. "असलंच डोकं त्याचं. मला मायनं उजव्या हातावर घेऊ दिला न्हाई. जेवायच्या हाताला विंचू नगं म्हणली. म्हणून माझा डाव्या हातावर है. त्यानं काय तिचं ऐकलं न्हाई."

समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला येतो. एवढी साधी गोष्ट. अर्पित त्या हाताकडे बघत राहिला. कप उजव्या हातात होता, विंचू डाव्यावर. आणि प्रभावना डाव्या हाताने कोणी घेत नाही. त्याच्या पोटातलं ते हसू अजून पुरतं विरलंही नव्हतं, तोंडाच्या कोपऱ्यात कुठेतरी लागून राहिलं होतं, आणि त्याला ते पुसून टाकायचंही सुचेना. बाहेर हातगाडीवाला काहीतरी ओरडत गेला. त्याला आठवला तो गरम तळहात, चिकट, आणि बोटं वळवताना लागलेली त्यांची मऊ, बिनतक्रार हालचाल. मेलेल्या माणसाची बोटं अशी वळतात. इतका वेळ त्याला हे माहीत होतं, फक्त त्याने ते डॉक्टरच्या एका वाक्याखाली दाबून ठेवलं होतं.

"काय नाव टाकायचं?" त्याने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"त्याचंच. कै. माऊली. एवढंच टाका. येत्या सोमवारी वर्षश्राद्ध है. भगुनं मारुतीच्या देवळात द्यायचंय, सप्त्याच्या जेवणाला." भुजंगने कप खाली ठेवला आणि हात पंचाला पुसले. मग अर्पितकडे सरळ पाहत म्हणाला, "तुम्हाला वळखून आलोय म्या, शेठ. चुकून न्हाई आलो."

मागच्या गादीवर माळेचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"पिंपळगावात बी भांड्यांची दुकानं हैत," अर्पित कसाबसा म्हणाला.

"हैत की. पण माय म्हणली, जालन्याला जा, त्याच शेठकडं. त्यांच्या लेकाचं नाव आपल्या गावात घरोघर गेलंय, वाट्यांवर. लोकांनी काय टाकून दिल्या न्हाईत वाट्या. स्टीलची वस्तू कोण टाकून देतंय. आमची शेजारीण दही लावती त्याच्यात. तं माय म्हणली, माझ्या लेकाचं नाव बी त्याच मशिनीनं टाकून आण. त्याच माणसाच्या हातानं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर अर्पितला बरं झालं असतं. रागाला तोंड द्यायची तयारी त्याने वर्षभर केली होती. हा माणूस तर आईने सांगितलेला बाजार करायला आल्यासारखा बसला होता.

नावं आता मिथुन टाकायचा, दुकानातला माणूस, आणि मिथुन आज चुलतभावाच्या लग्नाला गेला होता. उद्या या, असं म्हणता आलं असतं. ते शब्द अर्पितच्या ओठांवर आलेही. पण त्याने खालचा खण ओढला, फडक्यात गुंडाळलेली मशीन काढली आणि वायर लावली. खांद्याचं जुळलेलं हाड ठणकलं. भगुनं मांडीवर आडवं घेऊन त्याने बटण दाबलं, आणि ती घर्रर्र बोटांतून दंडात, दंडातून दातांत गेली. हाताला सवय 'स्व.' लिहायची. त्याने आधी बोटानेच 'कै.' गिरवून पाहिलं, मग टोक टेकवलं. माऊली. मा. त्याने कधी न पाहिलेला चेहरा, आणि डोळे मिटले तरी ओळखता येईल असा हात. राजूरच्या जत्रेत उन्हात बसून सुई सोसणारा, भावाची खोड झाकावी म्हणून स्वतःची नांगी अर्धी ठेवणारा. आता त्याला तो हात त्या फटीच्या पलीकडेही दिसायला लागला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, आणि खांद्याच्या वर माणसांची ती भिंत. ऊ. काना-मात्रा नीट यायला हव्यात. किती वाट्या आपण नीट न बघता लिहिल्या! हे एक नाव त्याने असं लिहिलं की घामाचा थेंब अक्षरावर पडला तेव्हा मशीन थांबवून तो पुसला, आणि मग पुढची रेघ ओढली.

मशीन बंद झाल्यावर दुकानात फार शांत वाटलं. भुजंग खाली बघत होता. "एक इचारू का, शेठ? राग नका मानू."

"विचारा."

"तुम्हीच व्हते ना टेबलाशी? पोलिसांनी त्याचं सामान दिलं, तव्हा मोबाईल व्हता, एक चप्पल व्हती. वाटी नव्हती. आन लोक म्हणून राह्यले, एक घेतली, कुठं तरी दडवली, आन दुसरी घ्यायला माघारी फिरला, म्हणून सापडला. तुमच्या वकिलानं बी तसंच छापून आणलं. मायनं वर्षभर देवळाची पायरी चढली न्हाई. बायका तिच्यासमोर काय बोलत न्हाईत, पण तिला आयकू येतंच की. म्हणती, वाटीसाठी मेला म्हणतेत माझ्या लेकाला." त्याने पंचाचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडवलं. "सोमवारी नाव घेऊन देवळात जायचंय तिला. म्हणली, त्या शेठला इचार, माऊलीला वाटी मिळाली व्हती का. तुमच्या तरी कसं ध्यानात राहणार, एवढे हात. पण इचारून तं ये म्हणली."

माहीत नाही, हे वकिलाचं उत्तर होतं. तयार, स्वच्छ, कोणाचंच वाईट न करणारं. मिळाली, असं म्हटलं तर बाबूजींची बाजू भक्कम होणार होती. एक मिळालेला माणूस फाटकाशी मेला म्हणजे तो माघारीच फिरला होता. आणि तिसरं, खरं उत्तर दिलं तर त्याच्या मागोमाग पुढचा प्रश्न कोर्टात उभा राहणार होता, की माणसं मरत असताना तुम्ही वाट्याच वाटत होता का. अर्पितला हे सगळं एका दमात दिसलं. पण त्याहून स्पष्ट दिसली ती देवळाच्या पायरीशी भगुनं घेऊन थांबलेली, कधी न पाहिलेली बाई.

"विंचवाचा हात ध्यानात आहे माझ्या," तो म्हणाला. "उजवा."

भुजंगने मान वर केली.

"अर्पित," मागून बाबूजी म्हणाले. महिन्याभरात त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द असेल. "सोचकर बोल."

अर्पितने मागे वळून पाहिलं नाही. "मी दिली होती वाटी. त्याने घेतली नाही. पुन्हा दिली. तेव्हाही नाही घेतली."

"बराबर ध्यानात है?"

"बिलकुल. कोर्टातही हेच सांगीन. त्याच्या हातात वाटी राहिलीच नाही, दादा. तो बाहेर यायला बघत होता फक्त."

भुजंगने खिशातून मोबाईल काढला, दोनदा चुकीचं बटण दाबलं, मग लावला. खेड्यातल्या माणसाच्या फोनचा आवाज कायम मोठाच असतो. पलीकडची कोंबडीसुद्धा दुकानात ऐकू आली. "माय, इचारलं गं. हा, त्यांनाच. त्यांनी दिली व्हती, पण आपल्या माऊलीनं घेतलीच न्हाई. दोनदा दिली तरी न्हाई घेतली." मग त्याच्या मायचा, उषाबाईंचा आवाज आला, घोगरा, घाईघाईचा. "मला ठावं व्हतं. मला ठावंच व्हतं रं. फुकटचं घेणारं न्हवतंच माझं लेकरू." आणि ती रडायला लागली, पण मोकळं, पाझर फुटल्यासारखं, आणि त्या रडण्यातूनच म्हणाली, "त्या शेठला म्हणावं, देव तुमचं भलं करो. पाणी पिऊन निघ. भगुनं जपून आण."

अर्पितला उठून पळून जावंसं वाटलं. आशीर्वाद त्याच्या अंगावर पडला होता आणि तो झटकता येत नव्हता. न घेतलेल्या वाटीमागे काय होतं ते त्या बाईला आता कोण सांगणार? बोटं वळवून पाहिली होती, त्या हातावर ओरडलो होतो, मग पुढच्या हाताला वाटी दिली होती. ते कोर्टात विचारतील तेव्हा तो सांगणारच होता. पण उषाबाईंचा लेक आता वाटी नाकारून उभा होता, ताठ, आणि त्याला पुन्हा आडवं करायला अर्पितची जीभ रेटणार नव्हती. मागे माळ सुरू झाली नव्हती. बाबूजी गादीवर उठून बसले होते आणि आपल्या कुडत्याचा रिकामा खिसा चाचपत होते.

भुजंग उभा राहिला. पंचा खांद्यावर टाकला, भगुन्यावरचं नाव वाकून एकदा वाचलं, अंगठ्याने चाचपलं. मग त्याने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. काउंटरवर ठेवायला आता जागा नव्हती. मधली फळी वर केलेली होती. अर्पितने भगुनं दोन्ही बाजूंनी उचललं आणि त्या हातांवर आणलं. डाव्या मनगटावर अर्धी नांगी होती.

"धरा," तो म्हणाला.

बोटं एकेक करून मिटली. करंगळीसुद्धा. भांड्याच्या काठावर ती घट्ट बसली, नखं पांढरी झाली, आणि अर्पित ती बघत राहिला. भगुन्याचा भार केव्हाच पलीकडे गेला होता. त्याचे स्वतःचे हात मात्र काठाला तसेच होते.

"सोडा, शेठ," भुजंग हळूच म्हणाला. "म्या धरलंय."